खुलासा: धातूवरचे चांद्रफोटो टेपने चिकटवू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘आर्मस्ट्राँगचा चंद्रावरचा फोटो अ‍ॅल्युमिनियमवर छापून घ्या, हलका असतो, डबल टेपने लावा, ड्रिल नको.’ यातल्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत.

24×36 इंचांचा, 1 मिमी जाडीचा नुसता पत्राच दीड किलो भरतो. टेप पत्र्याला घट्ट धरते, पण भिंतीकडून तिने धरलेला असतो फक्त रंग. पावसाळ्यात ओल आली की डिस्टेंपर पुट्टीसकट सुटतो आणि प्रिंट कोपऱ्यावर आपटतो. दुमडलेला कोपरा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्यापेक्षा 6 मिमीचा ड्रिल बिट, भोकात बसणारे दोन प्लग, दोन स्क्रू, आणि प्रिंटमागे सेंटिमीटरभर मोकळी जागा ठेवा. स्विचबोर्डच्या सरळ वर भोक नको, आत वायर असते. पाझरणारी बाहेरची भिंत टाळाच.

आणि 1969 च्या त्या फोटोत आर्मस्ट्राँग नाही, त्याच्यासोबत चंद्रावर उतरलेला बझ ऑल्ड्रिन आहे. नासाच्या नोंदीत ती फ्रेम एएस11-40-5903. फोटो काढला आर्मस्ट्राँगने. ऑल्ड्रिनच्या हेल्मेटच्या काचेत नीट पाहा, आर्मस्ट्राँग इवलासा उभा दिसतो. प्रिंटखाली नावाची पट्टी लावणार असाल तर ऑल्ड्रिनचंच नाव घाला.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.