‘काडीलाही हात लावू देऊ नका’ या सल्ल्याविषयी

‘आईवडिलांनी जन्मभर कष्ट केले, आता त्यांना काडीलाही हात लावू देऊ नका, न्हाऊ-खाऊ तुम्हीच घाला, त्यासाठी थेरपिस्टकडून धडे घेण्याचे पाश्चात्त्य फॅड नको,’ अशा आशयाचा संदेश घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो. त्यातला कळवळा खरा आहे. विधाने मात्र टिकत नाहीत.

आराम दिला की शक्ती टिकते, हे पहिले विधान. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सरासरी 67 वर्षांच्या, धडधाकट माणसांना 10 दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले सुमारे 1 किलो स्नायू झिजले. खुर्चीत बसवून ठेवणे इतके टोकाचे नसले, तरी दिशा तीच असते.

सेवा करायला शिकावे काय लागते, हे दुसरे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला सदरा घालताना अधू हात आधी बाहीत जातो आणि काढताना धड हात आधी बाहेर येतो. हे ठाऊक नसलेला मुलगा प्रेमानेच ओढाताण करतो आणि अधू खांदा दुखावतो. व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), म्हणजे आजारी किंवा अधू माणसाला रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारे थेरपिस्ट, याहून अवघड गोष्ट शिकवतात, ती म्हणजे थांबणे: आधी वाट पाहायची, मग शब्दाने सुचवायचे, मग बोट दाखवायचे, आणि तरीही जमले नाही तरच हात धरायचा. चार बटणे आपण लावून शेवटचे वडिलांसाठी सोडायचे, ते जमले की पुढे दोन सोडायची. घाईच्या सकाळी हे जिवावर येते, हे कबूल.

पाश्चात्त्य फॅडाचे म्हणाल, तर व्यवसायोपचार शिकवणारी भारतातली पहिली शाळा मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात 1950 साली सुरू झाली. ती उभारणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन खऱ्या, पण सून इथलीच.

एवढा वेळ कोणाला आहे, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. नेदरलँड्समध्ये घरीच राहणाऱ्या 135 स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांवर झालेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना व त्यांच्या काळजीवाहकांना 5 आठवड्यांत व्यवसायोपचार तज्ज्ञाच्या 10 भेटी मिळाल्या. या वृद्धांची रोजची कामे सुधारली आणि काळजीवाहकांचाही आत्मविश्वास वाढला.

उरली पडण्याची भीती. ती अनाठायी नाही, पण तिचा इलाज न्हाणीघरातली पकडदांडी, रात्रीचा दिवा आणि सरकणारे पायपुसणे उचलणे हा आहे. माणसाला उठूच न देणे हा नव्हे.