प्रामाणिक रिव्ह्यू, ८ मिनिटं ४ सेकंद

आईचा मिक्सर ऐन श्रावणात जळाला. नवा घ्यायचा तर तिचा प्रश्न एकच, "ओल्या खोबऱ्याचं वाटण गुळगुळीत होतं का, एवढं बघ." म्हटलं त्यात काय, यूट्यूबवर बघतो, आणि तिथे माझे चार दिवस गेले.

पहिला पोरगा "मंडळी, हा व्हिडिओ स्पॉन्सर्ड नाहीये हां" असं तीनदा म्हणाला. चोराच्या मनात चांदणं! मग त्याने खोका उघडला, थर्माकोल दाखवला, वायर टेपने मोजली, गॅरंटी कार्ड मोठ्याने वाचलं, आणि वाटायला घेतले काय तर शेंगदाणे. अरे शेंगदाणे तर माझ्या दाढांनीही होतात बारीक! भाचा म्हणाला, मामा, व्हिडिओ ८ मिनिटांचा झाला की मधे जाहिराती टाकता येतात, म्हणून वायर मोजतात. आणि खालच्या लिंकवरून आपण घेतला की त्याला कमिशन, ते वेगळंच.

दुसरी ताई मात्र "मी स्वतः घरी हाच वापरते" म्हणाली. मागच्या महिन्यात ती स्वतः घरी दुसराच वापरत होती. पैसे घेऊन केलेली जाहिरात असेल तर ठळकपणे, व्हिडिओच्याच भाषेत सांगा, असं सरकारने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलंय, पण ताई अर्धा तास मराठीत बोलून "ॲड" तेवढं इंग्रजीत, चौदाव्या हॅशटॅगमध्ये. चष्मा पुसून शोधलं मी.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला "थोडं पाणी घाला, होतंय." घेतला. झालं की वाटण!

पण भाच्याचंही चॅनल आहे, सबस्क्रायबर ३४०. त्याने ओट्यावर लाइट लावला आणि आजीला म्हणाला, "आजी, एकदम नॅचरल बोल." आजी नॅचरल बोलली, "वाटण बरंय, पण आवाज केवढा मेल्याचा, शेजारी येतील भांडायला." चौथ्या टेकला ती नुसतं "छान आहे" म्हणाली, ते ठेवलं. मी म्हटलं, अरे आवाजाचं कापलंस की! तर म्हणे, "मामा, उद्या कंपनीवाल्यांनी बघितलं तर?"

कंपनीवाले बघतील तेव्हा बघतील, जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर लागतात, अजून ६६० बाकी आहेत. तोवर आजीला त्याने वायर मोजायला बसवलंय.