सहाशे वीस रुपये किलोचा ओला कचरा

साखर काठावर आली, मुलाने पुण्याहून फोनवर पोह्यांवर बंदी घातली, आणि मी सुपरमार्केटातून म्यूस्लीचा, म्हणजे दुधात घालून खायच्या ओट्स-सुकामेव्याच्या मिश्रणाचा, डबा आणला. पार्श्वभूमी एवढीच. पुढे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी चव. दुधात घातल्यावर सुरुवातीला ते दातांशी भांडतं आणि मग एकदम शरण येऊन लगदा होतं. मधली जी कुरकुरीत अवस्था जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबाला सापडते, ती मला कधीच गाठता आली नाही. बहुधा मी तेव्हा चमचा शोधत असायचे. एप्रिलमध्ये कूलरला नवी घास बसवली की पहिल्या दिवशी घरभर जो वास सुटतो, तो चावता आला तर असा लागेल. आणि वर गोड!

हा गोडवा कुठून आला म्हणून डबा उलटा केला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हा नियम ज्याने केला त्याचं भलं होवो. ओट्स आणि गहू झाले की लगेच साखर. पुढे मध, त्यापुढे माल्टचा अर्क, म्हणजे फिरून साखरच. बदाम दोन टक्के. पुढच्या चित्रात मात्र बदामांखाली ओट्स दिसतच नाहीत, आणि कोपऱ्यात, भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत, 'चित्र केवळ सूचक'. साखर काठावर आलेल्या बाईने साखर घातलेलं खाऊन साखर उतरवायची, अशी एकूण योजना. एका वेळचं प्रमाण ३० ग्राम. मी काट्यावर तोलून पाहिलं. वाटीचा तळ जेमतेम झाकतो. एवढ्यावर नाश्ता उरकणारं माणूस इंदुरात जन्मायचं आहे.

पोह्यांनी असं काय घोडं मारलं होतं, ते तरी कुणी सांगा. उज्जैनचे पोहे साठ-सत्तर रुपये किलो मिळतात. त्यात आम्ही घरी मोहरी, मिरची आणि ओलं खोबरं घालतो. चौकातला पोहेवाला बडीशेप घालतो, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवून वाफेवर गरम ठेवतो आणि देताना वरून जिरावण मसाला, कांदा नि रतलामी शेव भुरभुरतो. आमच्या घरात या दोन पंथांवरून लग्नानंतरची पहिली भांडणं झाली. (बडीशेपेबद्दल माझं मत अजून तेच आहे.) पण दोन्ही पंथांत खाणारा माणूस खाऊन उठल्यावर समाधानी दिसतो. आणि यांच्या त्या डब्यावर 'समाधान' इंग्रजीत छापलेलं होतं, तेही चकचकीत सोनेरी अक्षरांत.

उरलेलं संपवायचे सगळे प्रयत्न झाले. फोडणी देऊन चिवडा केला, तर हळद-हिंगातून मध वर आला. नवऱ्याने एक घास घेतला आणि "मी चौकातून येतो" म्हणून चप्पल घातली. परत आला तेव्हा त्याच्या मिशीत शेव होती. गाईला घालावं म्हटलं, तर आमच्या भागात रस्त्यावर आता गाय दिसत नाही. शेवटी कामाच्या बाईला विचारलं, घरी नेतेस का? तिने डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला नि विचारलं, "ये बीमारोंवाला है ना?"

मला तेव्हा राग आला. पण बाईचं म्हणणं इतिहासाला धरून होतं. १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलला जेम्स कॅलेब जॅक्सन नावाच्या गृहस्थांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी 'ग्रॅन्युला' काढलं, ते इतकं टणक की आदल्या रात्री भिजत घातल्याशिवाय चावता येत नसे. मग मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात केलॉग बंधूंकडून १८९४ मध्ये शिजलेला गहू राहून गेला, तो लाटला तर पापुद्रे सुटले, आणि तेही रुग्णांच्याच ताटात गेले. म्यूस्ली साधारण १९०० सालची, झुरिकच्या डॉक्टर बिर्शर-बेनर यांची. त्यांच्या मूळ कृतीत मुख्य ऐवज होता किसलेलं सफरचंद. ओट्स चमचाभर, रात्रभर पाण्यात भिजवलेले. सव्वाशे वर्षांत सफरचंद गेलं, ओट्स उरले आणि भाव वाढला. सगळं मुळात पथ्याचं खाणं. आजाऱ्याला निदान घरचे "खा गं थोडं" म्हणत जवळ बसतात. मी एकटी चावत होते.

पावसाळी हवेत डबा सादळला आणि काल सकाळी मी तो घेऊन कचरागाडीपाशी उतरले.

आता इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते. २०१७ पासून स्वच्छतेत सतत वर राहिलेल्या शहरात कचरा टाकणं ही परीक्षा असते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरगुती घातक, असे सहा कप्पे. गाडीवरचा मुलगा कडक. मी डबा सुक्याकडे नेला तर त्याने हात आडवा घातला.

"अंदर क्या है?"

"सूखा है."

"खाने का है कि नहीं?"

हा प्रश्न मी स्वतःलाच विचारत होते. "है," मी म्हटलं, "पर..."

"खाने का है तो गीला."

"अरे, पण हात लावून बघ ना, ओलं कुठे आहे!"

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आपली बादली घेऊन उतरले. बँकेतून निवृत्त. छापील आकडा दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, चश्मा कपाळावर चढवला आणि किमतीखालची बारीक ओळ मोठ्याने वाचली, "एका ग्रामला शून्य पूर्णांक बासष्ट रुपये." मग आकाशाकडे पाहून गुणाकार. "सहाशे वीस! सहाशे वीस रुपये किलो, वहिनी!"

समोरच्या दोन्ही गॅलऱ्या भरल्या.

"अळ्या झाल्या का?"

"नाही."

"मुदत संपली?"

"नाही हो काका. आवडलं नाही."

"अन्न हे पूर्णब्रह्म," काका म्हणाले आणि मी थांबवायच्या आत मूठभर तोंडात टाकलं.

काकांना कवळी आहे. एकदा चावलं, दोनदा चावलं, मग जबडा एका बाजूला गेला नि तिथेच राहिला. गाडीवरचं गाणं चालूच. ड्रायव्हरने भोंगा दिला, तर काकांनी बोट वर करून त्याला थांबवलं. माझी पिशवी राहिली तर मला पुढच्या चौकापर्यंत गाऊन सावरत पळावं लागतं, पण काकांच्या घासासाठी अख्खी गाडी उभी! मुलगा ओल्या कप्प्याजवळ हात कमरेवर ठेवून, गॅलऱ्या कठड्यावरून वाकून, आणि मी मधोमध. असं वाटलं, हे चावून होईपर्यंत माझी साखर आपसूक उतरेल.

अखेर काकांनी गिळलं. पाठ फिरवून कवळी जागेवर बसवली, आणि निकाल दिला, "शेव घातली तर खपेल."

"काका, मग तुम्ही न्या ना!"

"छे, मला पोहे चालतात," म्हणाले. "पण बदाम वेगळे काढून घ्या. ते कशाला टाकता?"

मग मी भर रस्त्यात, गाऊनच्या पदरात, दोन टक्के बदाम वेचले. मुलगा "आंटीजी, जल्दी" म्हणत होता. खोका सुक्यात, आतली पिशवी प्लास्टिकमध्ये, माल ओल्यात. पिशवी फाटून थोडं रस्त्यावर सांडलं, तेही मीच भरलं, कारण या गावात सांडलेलं तसंच ठेवून घरात जायची छाती कुणाचीच नाही. बदाम काकांनी "बघू" म्हणून घेतले.

आमच्या ओल्या कचऱ्याचा गॅस होतो. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा पचवायची त्याची ताकद, आणि त्या गॅसवर सिटी बस धावते. म्हणजे एव्हाना राजवाड्याकडे जाणारी एखादी बस माझ्या ओट्स, मध आणि माल्टच्या अर्कावर निघालीही असेल. कंडक्टर माझ्याकडून तिकिटाचे पूर्ण पैसे घेणार, ते वेगळंच.