गटकर्ज महाग दिसतं ते कशामुळे?

तुमचा आक्षेप असा: गटकर्जाने (म्हणजे एकमेकींच्या परतफेडीची हमी घेणाऱ्या बायकांच्या गटाला दिलेल्या कर्जाने) सूक्ष्मवित्त संस्थेचा, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या संस्थेचा, खर्च वाचतो असं मी लिहिलं, पण गटाला कर्ज देणाऱ्या संस्थांचंच खर्चाचं प्रमाण जास्त असतं. गट म्हणजे वसुलीसाठी पत्करलेला महागडा नाइलाज, आणि त्यावर उपाय म्हणजे कर्जाची किमान रक्कम वाढवणं.

आकड्यांबद्दल वाद नाही. कल, डेमिर्ग्युच-कुंट आणि मॉर्डुक या अर्थतज्ज्ञांच्या २००७ च्या अभ्यासात ४९ देशांतल्या १२४ संस्था होत्या. त्यातही ग्राम-बँक पद्धतीच्या, म्हणजे मोठ्या गटाला मिळून कर्ज देणाऱ्या संस्थांचा खर्च सर्वांत जास्त निघाला. पण हे प्रमाण काढतात कसं? वर्षाचा कामकाजाचा खर्च भागिले सरासरी येणं कर्ज, म्हणजे कर्जदारांकडे बाकी असलेली रक्कम. कर्ज दहा हजारांचं असो की लाखाचं, अर्ज, वाटप, हप्त्यांच्या नोंदी टळत नाहीत. समजा दोन्हीकडे कर्जदारामागे १,००० खर्च झाले. लाखावर तो १ टक्का, दहा हजारांवर १० टक्के. काम तेवढंच, पण लहान कर्ज देणारी संस्था उधळी ठरली! (प्रत्यक्षात वैयक्तिक कर्जात प्रत्येकाच्या धंद्याची वेगळी तपासणी करावी लागते, ती वरकड.) कर्जदारामागचा खर्च शेजारी मांडल्याशिवाय हे प्रमाण मी पुरावा म्हणून घेणार नाही.

गटाच्या हिशेबात मला खटकतं ते वेगळंच. बैठकीत एकीचा हप्ता कमी पडला की संस्थेचा अधिकारी जागचा हलत नाही. बाकीच्या एकमेकींकडे बघत बसतात. शेवटी कुणीतरी नोट पुढे करते, दोघी-तिघी भर घालतात आणि बैठक सुटते. संस्थेच्या वहीत वसुली शंभर टक्के. त्या बायकांचा गेलेला वेळ, पदरचे पैसे, नंतरची धुसफूस यांची नोंद कुठेच नाही. म्हणजे खर्च वाचला नाही, कर्जदारांच्या गळ्यात पडला.

आणि ही एकमेकींची हमी काढली तर वसुली बुडतेच असं नाही. फिलिपिन्समधल्या ग्रीन बँकेत जिने आणि कार्लन या अर्थतज्ज्ञांनी चालू केंद्रांतली (जिथे गट हप्ते भरायला जमतात) हमी काढून पाहिली, बैठका तशाच ठेवल्या. थकबाकी वाढली नाही. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेनेही या शतकाच्या सुरुवातीला आपली पद्धत बदलताना ही संयुक्त जबाबदारी सोडून दिली. संस्थेला स्वस्त पडते ती एकत्र बैठक: एका खेपेत सगळे हप्ते.

ती खेप दर आठवड्यालाच हवी का, हे मात्र विचारायला हवं. कोलकात्यात फील्ड आणि पांडे यांनी पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्यांना काहींना साप्ताहिक, काहींना मासिक हप्ते लावून दिले. कर्ज थकवण्यात फरक पडला नाही. खर्चाला कात्री लावायची तर मी इथून सुरुवात करेन. किमान रक्कम वाढवलीत तर प्रमाण झटपट सुधारेल, यात शंका नाही. फक्त ज्यांना तेवढं कर्ज नकोच आहे किंवा झेपत नाही, ते यादीतून गळतील, आणि कार्यक्षमतेच्या तक्त्यात ते गळलेले कुठेच दिसणार नाहीत.