डोळे तपासले म्हणे! पडदा कुणी पाहिला?

मधुमेह असलेल्या कुणालाही विचारा, डोळे तपासले का? उत्तर ठरलेलं: "हो, मागच्याच महिन्यात. नवा चष्मासुद्धा केला." झालं! विचारणारा खूश, सांगणारा खूश, फाईलमध्ये बरोबरची खूण. आणि डोळ्याच्या आत मागे असलेला, उजेड टिपणारा पडदा (रेटिना)? तो कुणीही पाहिलेला नाही.

अहो, चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. किती वेळा सांगायचं? नंबर काढणारं मशीन डोळ्यात उजेड कुठे एकवटतो एवढंच मोजतं. मधुमेहाने बिघडतात त्या पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या. त्यांना आधी फुगे येतात, मग त्या झिरपतात, मग बंद पडतात आणि रक्त कमी पडलं की पडदा नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवायला लागतो. यातलं काहीही तक्त्यावरची अक्षरं वाचून कळत नाही. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, जोवर सुजत नाही तोवर माणूस शेवटची ओळही खणखणीत वाचतो. 6/6 नजर आणि आत फुटायच्या बेतात आलेल्या रक्तवाहिन्या, हे एकाच डोळ्यात सुखाने नांदू शकतं.

त्यावर आणखी कडी म्हणजे रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. म्हणजे धूसर दिसतं साखरेमुळे, माणूस करतो नवा चष्मा, साखर ताळ्यावर आली की तो चष्मा पुन्हा चुकीचा. आणि या सगळ्या खटाटोपाची नोंद काय? "डोळे तपासले"!

मग येतं ते लाडकं वाक्य. "दिसतंय ना नीट, मग कशाला?" नीट दिसतंय म्हणूनच जायचं असतं! लेसर मुख्यतः आहे ती नजर वाचवतो, गेलेली आणून देत नाही. मॅक्युलाच्या सुजेवर इंजेक्शनांनी बऱ्याच जणांची नजर सुधारते, पण ती एकदा घेऊन भागत नाहीत. सुरुवातीला साधारण महिन्यामहिन्याला घ्यावी लागतात. डोळ्यापुढे अचानक काळे धागे तरंगायला लागले किंवा पडदा ओढल्यासारखं झालं, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो किंवा पडदा सुटलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी धावायचं असतं. लोक मात्र "मोतीबिंदू असेल, पिकला की बघू" म्हणत बसतात.

नियम काही अवघड नाहीत. टाइप 2 असेल तर निदान झालं की लगेच, कारण निदानाआधी काही वर्षं साखर गुपचूप वाढलेली असू शकते. टाइप 1 असेल तर पाच वर्षांच्या आत. त्यानंतर दरवर्षी. पडदा स्वच्छ आणि साखर आटोक्यात असेल तर डॉक्टर दोन वर्षांनी या म्हणू शकतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्या कंटाळ्याने नव्हे. आधीपासून मधुमेह असलेली बाई गरोदर राहिली तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहायला हवा, कारण गरोदरपणात हा त्रास झपाट्याने वाढू शकतो. (फक्त गरोदरपणातच उद्भवलेल्या मधुमेहाला हा नियम नाही.)

"माझी शुगर कंट्रोलमध्ये आहे" हेही पुरे झालं. आजची साखर आधीच्या दहा वर्षांचा हिशेब पुसत नाही. उलट बरीच वर्षं वाढलेली साखर एकदम खाली आणली तर पडद्याची अवस्था काही काळ बिघडू शकते. म्हणून औषधांत मोठा बदल करण्याआधी पडदा पाहून घ्यायचा असतो. हे रुग्णाला सांगतं कोण? आणि रक्तदाब? तोही याच वाहिन्यांवर घाव घालतो.

पण सगळा राग रुग्णांवर काढणं सोपं आहे. खरं घोडं पेंड खातं ते व्यवस्थेत. बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइडसारखे थेंब घालतात, वीस-तीस मिनिटं थांबावं लागतं, आणि जुन्या मधुमेहात बाहुली हट्टी असते, म्हणून कधी दुसऱ्यांदा घालावे लागतात. पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सोसवत नाही. वेळ देतानाच एक वाक्य सांगा ना: स्वतः गाडी चालवत येऊ नका, सोबत कुणीतरी आणा, गॉगल आणा. नाही सांगणार! मग माणूस एकटाच दुचाकीवर येतो, थेंबांचं नाव ऐकतो, "पुन्हा येतो" म्हणतो आणि पसार होतो. नाहीतर थेंब न घालताच दोन सेकंद बॅटरी मारून "ठीक आहे" लिहिलं जातं. छोट्या बाहुलीतून पडद्याचा चिमूटभर तुकडा दिसतो, बाकीचा काय अंतर्ज्ञानाने पाहिला?

आता थेंबांशिवाय फोटो काढणारे कॅमेरे आहेत. फोटो वाचून निर्णय देणाऱ्या संगणकप्रणालीला अमेरिकेत 2018 मध्येच परवानगी मिळाली. उत्तम. पण मोतीबिंदूमुळे किंवा छोट्या बाहुलीमुळे फोटो धूसर आला तर त्याचा अर्थ "काही आढळलं नाही" असा होत नाही हो! पाहताच आलं नाही, असा होतो. थेंब घालून पुन्हा काढा, नाहीतर तज्ज्ञाकडे पाठवा.

आणि ही टोलवाटोलवी थांबवणं जमणार नाही असंही नाही. इंग्लंडमध्ये 2003 पासून मधुमेहींची यादी ठेवून, बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला बोलावून पडद्याचे फोटो काढायला सुरुवात झाली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार इंग्लंड-वेल्समध्ये कमावत्या वयातल्या नोंदणीकृत अंधत्वाच्या कारणांत हा आजार पाच दशकांत पहिल्यांदा पहिल्या क्रमांकावरून खाली आला. श्रेय एकट्या या फोटोंचं नसेल, साखरेवरचे उपचारही सुधारले. पण यादी, बोलावणं आणि न आलेल्याला पुन्हा बोलावणं, यात न जमण्यासारखं काय आहे?

आपल्याकडची, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी मात्र कशी? नऊ गोळ्यांच्या खाली कोपऱ्यात "डोळे दाखवा". मधुमेह किती वर्षांचा, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) किती, थेंब घालून दोन्ही पडदे पाहा, काहीच नाही. तिकडून उत्तर आलंच तर "नॉर्मल". कुठला डोळा, रेटिनोपॅथीची, म्हणजे पडद्याच्या या आजाराची, कोणती पायरी, मॅक्युलाला सूज आहे की नाही, पुढची तारीख कोणती? सगळ्या जागा कोऱ्या. आणि पुढच्या भेटीत परत तोच प्रश्न, "डोळे तपासले ना?" "हो, तपासले."