भाड्याने घेतलेला मामा : वाई-मेणवलीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा लोकलमध्ये उभ्याने वाचली तेव्हा थोडं हसू आलं, आणि तिसऱ्यांदा आईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "बरोबर बोलतोय की माणूस." घरातूनच असा निकाल लागल्यावर चार ओळींत आभार मानून सुटता येईना, म्हणून हे सविस्तर.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही चौघं, म्हणजे आई, भाऊ, अकरा वर्षांची भाची आणि मी, डिसेंबरातल्या एका रविवारी गिरगावातून गाडी करून वाई आणि मेणवलीला गेलो. तिथला एक गाईड दिवसभरासाठी घेतला आणि रात्री परत आलो. त्यावर मी लेख लिहिला. 'एक वाईकर, सध्या डोंबिवली' अशी सही करून तुम्ही लिहिलंत की साडेपंधरा हजारांत आम्ही तुमचं गाव एका दिवसाच्या भाड्याने घेतलं. माझ्या आईला एसटी फुकट आहे, एसटीनं जायचं होतं. वाईचे नदीघाट सात, पाहिलेत तीन. कृष्णेचं पाणी निळंशार कुठे दिसलं ते कळवा. वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा उल्लेखही नाही. आणि मेणवलीच्या घाटावरची घंटा नाना फडणवीसांनी वसईच्या मोहिमेत मिळवली हे आमच्या भाडोत्री गाईडने सांगितलं असेल तर त्याला दिलेले पैसे मी परत मागावेत.

घंटेपासून सुरू करते, कारण तिथे मी सपशेल चुकले आहे. चूक गाईडची नाही, माझी. चिमाजी अप्पांनी वसई घेतली मे १७३९ मध्ये. नाना फडणवीस जन्मले १७४२ मध्ये. म्हणजे जन्माला यायच्या तीन वर्षं आधीच मी त्यांना मोहिमेवर पाठवलं. गाईडने सांगितलेलं वाक्य माझ्या वहीत आहे : 'वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक, पुढे नानांच्या घाटावर लागली.' रात्री अकरा वाजता घरी पोचून बारा वाजता लिहायला बसलं की मधला 'पुढे' गळतो तो असा. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि खाली तुमचं ऋणही मान्य केलं आहे.

पण घंटा वसईची नाहीच असं तुम्ही सुचवताय, तिथे मात्र मी अडून बसणार. घंटेवर साल आहे, १७०७. आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. मेणवलीच्या महादेवाच्या, मेणेश्वराच्या पुढ्यात टांगायला कोणी मराठा सरदार अशी घंटा ओतून घेणार नाही. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटाही पोर्तुगीजच, तिच्यावर १७२१. दोन्ही सालं १७३९ च्या आधीची आहेत, हे वसईच्या मोहिमेशी जुळतं. घंटा साडेसहाशे किलोंची म्हणतात. ती बैलगाडीतून घाट चढवून नदीकाठी कशी आणली असेल, यावर माझा भाऊ परतीच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत बोलत होता. (जाताना घाट, येताना बोगदा. जाताना हा विषय निघाला असता तर घाटातच चहाला थांबावं लागलं असतं.)

त्या घंटेपाशी जे झालं ते लेखात लिहिलं नव्हतं, आता लिहिते. गाईडने आईला जवळ नेलं आणि म्हणाला, "मावशी, वाजवायची नाही, हात लावा." आईने बोटं फिरवली. पंचधातूची ती थंडगार घंटा, त्यावर मेरीचा चेहरा झिजून नुसता उंचवटा राहिलाय, पण कडेवरचं मूल हाताला बरोबर लागतं. आई आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही बाई आमच्या वसईची. विरार लोकलनं तासाभरावर." भाचीने लगेच विचारलं, "मग परत का नाही देत?" गाईड हसला, उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, अजून सापडलेलं नाही.

आता पैशांचं. गाडी, टोल, ड्रायव्हरचा भत्ता मिळून १३,००० आणि गाईडचे २,५००. माणशी चार हजारांच्या आत. महाग आहे का? आहे. एसटीचा हिशोब मी केला नव्हता असं नाही. आई ७६ ची, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, आणि मला अर्धं तिकीट. पण मुंबई ते वाई २४० किलोमीटरच्या आसपास, एसटीला सहा तास धरा. सहा जायला, सहा यायला, मग वाई पाहायची कधी? मुक्काम करायचा तर आईला घराबाहेर झोप येत नाही. ती सवय ह्या वयात मी बदलू शकणार नाही. गाडीमुळे आम्ही पहाटे सव्वाचारला निघून सव्वानऊला वाईत होतो. गुडघ्याचा पट्टा, औषधांचा डबा, घडीची खुर्ची, सगळं डिकीत. तुम्ही तरुणपणी महामार्गावरच्या सुरूर फाट्यावर उतरून मिळेल त्या जीपने घरी जायचात म्हणता. त्या जीपमध्ये माझी आई आज चढूही शकणार नाही, काका.

हां, गाडीबरोबर 'वाई-पाचगणी-महाबळेश्वर एका दिवसात' असलं पॅकेज घेणाऱ्यांविषयी तुमचा राग मला पटतो. आम्ही तेही करून बसलो आहोत. दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्याच एका ट्रॅव्हल एजन्सीकडून 'लोकल एक्स्पर्ट गाईड'सकट असा दिवस घेतला होता. तो एक्स्पर्ट म्हणजे ड्रायव्हर निघाला. बिचारा नालासोपाऱ्याचा, वाईला पहिल्यांदाच आलेला. ढोल्या गणपतीपाशी त्याने आम्हाला वीस मिनिटं दिली आणि मोबाईलवर बघून सांगितलं की मूर्ती मोठी आहे. ते आम्हाला दिसत होतं. त्या दिवसावर तुम्ही टीका केली असतीत तर मी खाली सही केली असती.

म्हणून यावेळी मुंबईतला गाईड घेतला नाही. ओळखीतून एकाचा नंबर मिळाला, त्याने दुसऱ्याचा दिला. हा माणूस वाईचाच. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, रविवारी दुकान मुलगा बघतो आणि हा लोकांना गाव दाखवतो. फोनवरच त्याने तीन प्रश्न विचारले : आजी किती पायऱ्या उतरतील, मुलगी किती वर्षांची, आणि वाईत जेवणार की डबा आणणार. आमच्या एजन्सीने त्यातला एकही विचारला नव्हता, फक्त आधार कार्डाचा फोटो मागितला होता. मेणवलीचा नानांचा वाडा खाजगी आहे, शूटिंग असलं की आत सोडत नाहीत, तेही त्याने आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवलं होतं. आणि सांगायला संकोच वाटतो, पण ७६ वर्षांच्या बाईला घेऊन घाटावर हिंडताना बाथरूम कुठे हा इतिहासापेक्षा मोठा प्रश्न असतो. तो त्याने मधल्या आळीतल्या बहिणीच्या घरी सोडवला. तिथे चहाही झाला. ह्याचे पैसे त्याने वेगळे लावले नाहीत.

तुम्ही लिहिता, 'आम्हाला कोणी गाईड लागला नाही, नदीनेच सगळं सांगितलं.' हे वाक्य सुंदर आहे आणि ह्याच वाक्याशी माझं भांडण आहे. तुम्हाला गाईड लागला नाही कारण तुमच्याकडे वडील होते, आजोबा होते, शेजारचे कोणी होते, ज्यांनी तुम्हाला पुरात कुठे जायचं नाही आणि कोणती पायरी शेवाळलेली हे सांगितलं. ती माणसं तुम्ही मोजत नाही, एवढंच. आमचं गाव म्हणजे गिरगाव. तीन पिढ्या चाळीत. मे महिन्यात वर्गातली सगळी मुलं मामाच्या गावाला जायची तेव्हा आम्ही चौपाटीवर जायचो, कारण मामा समोरच्या खोलीत राहायचा. आम्हाला नदीकाठ कुठून येणार? जो रक्ताने मिळाला नाही तो मामा आम्ही २,५०० रुपयांत दिवसभरासाठी भाड्याने घेतला. तुम्ही 'भाडोत्री' हा शब्द शिवीसारखा वापरलात, मी तो तसाच ठेवते.

आणि तो मामा काय करत होता ते सांगते. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून, हे कुठेही वाचायला मिळतं. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधलं, हेही. मीही वाचून गेले होते. हा माणूस भाचीला घाटाच्या खालच्या पायरीवर घेऊन गेला, पाणी जिथे जरा वाहतं होतं तिथे. तिला म्हणाला, "तळवा धारेसमोर आडवा धर." तिने धरला, पाण्याने हात मागे ढकलला, मनगटापर्यंत उसळलं, बाही भिजली. "आता हात फिरव, करंगळी पुढे." हात जागेवर राहिला आणि पाणी दोन्ही बाजूंनी निघून गेलं. मग तो वळून देवळाकडे बोट दाखवून म्हणाला, "रास्त्यांनी करंगळी पुढे केली." बस्स. पुढे एक शब्द नाही. भाची घरी आल्यापासून बेसिनमध्ये हेच करतेय, पाण्याचं बिल येईल तेव्हा बघू.

रास्त्यांच्या गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, हेही त्याने सांगितलं. वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, ही कीचकाची गोष्टही सांगितली. तुमचा आक्षेप की गाईड दंतकथा खपवतात. हा खपवत नव्हता. अफजलखान वाईचा सुभेदार होता आणि प्रतापगडाआधी त्याचा तळ वाईला होता, हे सांगताना त्याचा आवाज वेगळा, आणि पांडवांचं सांगताना "आमची आजी सांगायची" अशी सुरुवात. आईने ते बरोबर हेरलं. मला परतताना म्हणाली, "आजीवर ढकलतो तेव्हा ते पुस्तकात नसतं."

घाटांचं मान्य. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी एवढेच झाले. धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड राहिले. गाईडला मी विचारलं होतं की सातही का नको, तर त्याने आईच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, तीन नीट बघा. लेखाच्या मथळ्यात मात्र मी 'सात घाटांची वाई' असं ऐटीत लिहिलं होतं. मथळा बदललाय.

पाण्याचं तर निमूट कबूल करते. निळंशार पाणी ज्या फोटोत आहे तो मेणवलीचा, चंद्रकोरीच्या आकाराच्या घाटावरून घेतलेला. ते गाव वाईच्या वर तीन किलोमीटरवर, धोम धरणाच्या बाजूला. खाली वाईत जलपर्णी होती, काठाला निर्माल्याच्या पिशव्या होत्या, आणि एका पायरीवर आम्ही नाक धरलं. ते मी गाळलं, कारण लेख वाचून लोकांनी जावं असं वाटत होतं. तुम्ही लिहिलंत की अशा गाळण्यामुळेच नदी तशी राहते. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो फोटोही आता लेखात टाकला आहे.

विश्वकोशाविषयी एवढंच, की रविवार होता. गाईडने बाहेरून जागा दाखवली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथे बसून तो डोलारा उभा केला आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, हे सांगताना तो एखाद्या देवळाविषयी बोलावं तसं हळू बोलत होता. आमच्या वडिलांच्या कपाटात ते खंड होते, चाळीतली मुलं निबंधासाठी न्यायची. ते पुस्तक कुठून येतं हे आईला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, "मला वाटायचं सरकारी म्हणजे मंत्रालयात होत असेल." ह्याच्यावर वेगळा लेख लिहायचाय, मधल्या वारी रजा टाकून.

एका दिवसात गाव कळत नाही, हे तुमचं म्हणणं मी खोडतच नाही. 'वाई पाहिली' असं मी लिहिलं असेल तर ते 'वाईला जाऊन आलो' असं वाचा.

गाईडने निघताना सांगितलंय की माघात कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा उत्सव सुरू होतो आणि एकेका घाटावर क्रमाने होत जातो. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसाशी त्याचा संबंध सांगतात. आईने तेव्हाच ठरवलं की परत यायचं आणि यावेळी एकाच घाटावर दिवसभर बसायचं, घडीच्या खुर्चीवर. कोणत्या, ते ठरत नाहीये. तुमच्या प्रतिक्रियेत सातही घाट तुम्ही मोजून दाखवलेत, पण तुमचा स्वतःचा कोणता ते कुठेच लिहिलं नाहीत. आई विचारतेय, तुमची आळी कोणती?