गरिबांच्या मागण्या गरिबांनीच ठरवाव्यात

भुकेल्याला घास देणारी धर्मसंस्था मला आदरणीय वाटतेच. परंतु राबणाऱ्या माणसाला संघटित होऊन कष्टाचे रास्त दाम मागण्याचे बळ देणारी श्रद्धा मी त्याहून मोलाची मानतो.

अमेरिकेतील मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मरण पावले. त्यानंतर सुमारे १३०० कृष्णवर्णीय कामगार संपावर गेले. पूर्णवेळ राबूनही त्यांच्यापैकी अनेकांचे घर सरकारी मदतीशिवाय चालत नव्हते. जेम्स लॉसन या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या पाद्र्यांनी संपाच्या समर्थनाची धुरा उचलली आणि चर्चमध्ये सभा भरू लागल्या. पण ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन रोज रस्त्यावर उतरत होते ते कामगारच. त्यांना पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला तेथेच हत्या झाली. अखेर १६ एप्रिलला युनियनची मान्यता आणि पगारवाढ देणारा करार कामगारांनी स्वतः मतदान करून स्वीकारला.

त्याच वर्षी, गरिबांना त्यांच्या मागण्यांसाठी राजधानी वॉशिंग्टनमध्ये एकत्र आणणाऱ्या ‘गरिबांच्या मोहिमे’ची तयारी करताना किंग शिकागोत सरकारी मदतीवर जगणाऱ्या मातांच्या संघटनेला भेटले होते. या संघटनेच्या नेत्या जॉनी टिल्मन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी त्यांना मदतीसंबंधीच्या नव्या कायद्यावर नेमके प्रश्न विचारले. किंग यांना उत्तरे देता आली नाहीत. तसे त्यांनी मान्य केले आणि त्या स्त्रियांकडून विषय समजून घेतला. नोबेल पारितोषिक मिळालेल्या धर्मोपदेशकाने, ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसावे, ही मला त्या साऱ्या चळवळीतील सर्वांत धार्मिक कृती वाटते. किंग यांच्या पश्चात या मोहिमेतून वॉशिंग्टनमध्ये उभी राहिलेली गरिबांची छावणी पावसाने आणि चिखलाने बेजार झाली, जूनअखेर पोलिसांनी ती रिकामी केली, म्हणून अनेक जण ती मोहीम फसली असे म्हणतात. एवढ्या घाईचा निवाडा मला पटत नाही.

विल्यम बार्बर आणि लिझ थिओहॅरिस या धर्मोपदेशकांनी २०१८ मध्ये तीच मोहीम पुन्हा उभारली. तिच्या व्यासपीठावर तुटपुंज्या वेतनावर राबणारे आणि आरोग्यविमा नसलेले लोक स्वतःची कैफियत स्वतः मांडतात. पाद्र्यांनी सभेला जागा द्यावी, वर्गणी गोळा करावी, अटकेची वेळ आली तर पुढे व्हावे; किती वेतन मागायचे आणि तडजोड कुठे करायची, हा अधिकार मात्र त्यांनी आपल्या हाती कधीही घेऊ नये.